कापसाला पावती, माणसाला का नाही?

कारंजा लाड हे गाव उभ्या महाराष्ट्राला श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. शेतमालाच्या बाजारपेठेचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना मात्र ते १८८६ या सालामुळे आठवते. त्या वर्षी हैद्राबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियमित कापूस बाजार कारंजा येथे सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. इंग्रज सरकारला वऱ्हाडी शेतकऱ्याचा कळवळा आला होता, असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता, एवढेच. बाजाराच्या कारभारावर पुढे कित्येक वर्षे व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले आणि शेतकऱ्याला आपला वाटा झगडूनच मिळवावा लागला. तरीही त्या व्यवस्थेतून एक तत्त्व रुजले. व्यवहारातील दोन पक्ष तुल्यबळ नसतील, तर दुबळ्याचे रक्षण बलवंताच्या सौजन्यावर सोपविता येत नाही. म्हणून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या जागी उघड लिलाव आला, परवानाधारक मापारी आला आणि विकल्या मालाची लेखी हिशेबपट्टी शेतकऱ्याच्या हाती पडू लागली.

कापसाच्या गाडीला जे मिळाले, ते त्या गाडीवानाला मिळाले काय? हा प्रश्न आज विचारणे प्राप्त आहे. बाजाराच्या आवारात ज्याला मापाची पट्टी मागता येते, तोच माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढला की त्याच्या हाती कोणताही कागद राहत नाही. त्याला कोणी बोलाविले, कशासाठी बोलाविले, तो साक्षीदार आहे की आरोपी, किती वाजता आला आणि किती वाजता जाणार, यांपैकी कशाचीही लेखी नोंद त्याच्याजवळ नसते. ‘चौकशीसाठी बसवून ठेवले आहे’ एवढेच घरच्यांना कळते. हा कारंज्याच्या एखाद्या ठाण्यावरील आरोप नव्हे. राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी हेच शब्द ऐकू येतात. ते इतके अंगवळणी पडले आहेत की, ‘बसवून ठेवणे’ या क्रियेला कायद्यात आधार तरी आहे काय, असे विचारणारा माणूसच विक्षिप्त ठरतो.

या प्रसंगी पुढे काय होते, हे पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला अनुभवाने माहीत आहे. बसवून ठेवलेल्याचा भाऊ कार्यकर्त्याच्या दारी येतो. कार्यकर्ता ठाणेदारांना फोन लावतो. ‘साहेब, आपलाच माणूस आहे, जरा पाहा’ असे म्हणतो. संध्याकाळपर्यंत माणूस घरी येतो, भाऊ हात जोडतो, आळीत कार्यकर्त्याचे वजन वाढते. ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, अशा माणसाला घरी सोडण्यात आले म्हणून सर्वजण एकमेकांचे आभार मानतात!

या फोनमध्येच खरा रोग दडलेला आहे. जे नागरिकाला हक्काने मिळावयाचे, ते या फोनमुळे मेहेरबानी म्हणून मिळते. आणि मेहेरबानी ही दुर्मीळ वस्तू असल्यामुळे तिला किंमत लागते. ज्याची ओळख आहे तो ती निष्ठेने किंवा मताने फेडतो. ज्याची ओळख नाही तो रोख पैशाने फेडतो. ज्याच्याजवळ ओळखही नाही आणि पैसाही नाही, तो आपल्या शरीराने फेडतो. अडत्या शेतकऱ्याला अडचणीत उचल देतो, म्हणून अडत व्यवस्था न्याय्य ठरत नाही. तसाच फोन करणारा कार्यकर्ता सहृदय आहे, म्हणून फोनची व्यवस्था न्याय्य ठरत नाही. हक्क आणि नागरिक यांच्यामध्ये उभा राहून दोघांची गाठ आपल्याशिवाय पडू न देणारा तो एक नवा अडत्याच होय.

पक्षाला या अडतीची किंमत वेगळीही मोजावी लागते. ज्या ठाणेदाराकडून वर्षभरात दहा माणसे फोनवर सोडवून घेतली, त्याचे देणे कधी तरी चुकवावे लागते. तुरीच्या किंवा सोयाबीनच्या भावासाठी मोर्चा काढावयाचा असतो, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीचा आदेश निघालेला असतो, आणि ठाणेदार त्याच फोनवरून म्हणतात, ‘भाऊ, यंदा जरा सांभाळून घ्या.’ त्या वेळी कार्यकर्त्याच्या तोंडून नकार निघत नाही. जनसुरक्षेच्या नावाने जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकाविरुद्ध निदर्शने झाली, ती योग्यच होती. परंतु मोठ्या कायद्याविरुद्ध चौकात घोषणा द्यावयाच्या आणि लहान बेकायदेशीरपणा फोनवर मिटवावयाचा, ही विसंगती फार काळ झाकून राहणार नाही.

समाजवादी चळवळीला हा धडा बाहेरून घेण्याचे कारण नाही, कारण तो तिच्याच माणसांनी दिलेला आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मधू लिमये आणि त्यांचे सहकारी यांना बिहारमध्ये लखीसराय रेल्वे स्थानकावर अटक झाली. लिमये खासदार होते. कोणाला फोन करावा, याची त्यांना वाण नव्हती. त्यांनी तुरुंगातून टपालाने सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज पाठविला. आपल्याला अटकेची कारणे सांगितलेली नाहीत आणि संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाचा भंग झाला आहे, एवढाच त्यांचा साधा मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य करून सुटकेचा आदेश दिला आणि दंडाधिकाऱ्याने यांत्रिकपणे दिलेल्या रिमांडच्या आदेशाने हा मूळ दोष धुऊन निघत नाही, असेही स्पष्ट केले. लिमये यांनी ओळखीने स्वतःची सुटका करून घेतली असती, तर ती त्यांच्यापुरतीच राहिली असती. कायद्याने मागितल्यामुळे ती पुढे येणाऱ्या प्रत्येक अटक झालेल्या माणसाच्या उपयोगी पडली.

त्यानंतरच्या अर्धशतकात या हक्काला एकेक कागद जोडला गेला आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांची दुर्दशा शीला बारसे या पत्रकार महिलेने पत्राने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १९८३ मध्ये त्यावर निर्देश देताना न्यायालयाने अटकेची खबर कायदेविषयक साहाय्य समितीला तत्काळ देण्यास सांगितले आणि आरोपी समोर येताच त्याची कोठडीतील छळाबद्दल काही तक्रार आहे काय, हे दंडाधिकाऱ्याने विचारलेच पाहिजे, असे बजावले. डिसेंबर १९९६ मधील डी. के. बसू खटल्याच्या निकालाने अटकेची वेळ व तारीख लिहिलेला, साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही असलेला कागद अनिवार्य केला. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला पायबंद घातला. अगदी अलीकडे, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत आणि तत्काळ देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. वऱ्हाडातील शेतमजुराच्या बाबतीत ती भाषा बहुधा मराठी असेल. बंजारा तांड्यावरील वृद्धेच्या बाबतीत ती कोणती असेल, याचाही विचार आता पोलिसांना करावा लागेल.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्याविषयी तक्रारीस पुष्कळ जागा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदवावा, हा २०१३ च्या ललिता कुमारी निकालाचा नियम तिने सैल केला आणि तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीला वाव ठेवला. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी सुरुवातीलाच संपत. आता ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. १७२ व्या कलमाने, गुन्हा रोखण्यासाठी दिलेला निर्देश न पाळणाऱ्याला अडकवून ठेवण्याचा अधिकारही दिला आहे. तेथेही किरकोळ प्रकरणात माणसाला चोवीस तासांच्या आत सोडण्याची मर्यादा आहे. या तरतुदींना विरोध केलाच पाहिजे.

परंतु याच संहितेत नागरिकाच्या बाजूचे जे आहे, ते निरुपयोगी म्हणून टाकून देणे आत्मघातकी ठरेल. ज्याला अटक करण्याची गरज नाही त्याला ३५ व्या कलमाखाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे. त्या नोटिशीचे पालन करणाऱ्याला, कारणे लेखी नोंदविल्याशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीच्या अटकेला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणून कोणत्याही स्त्रीला, साठ वर्षांवरील वा पंधरा वर्षांखालील पुरुषाला, अपंगाला किंवा गंभीर आजाऱ्याला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जावयाचे असते. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करावयाची नसते. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावीच लागते, चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्यालाही मिळाली पाहिजे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात ती घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठविता येते आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. घरझडतीचे ध्वनिचित्रमुद्रण व्हावयाचे असते आणि नेलेल्या वस्तूंची यादी घरधन्याला द्यावयाची असते. रस्त्यावर वाहन परवाना ठेवून घेतला, तर त्याचीही पोच द्यावी लागते.

या सर्वांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक ठिकाणी कायदा पोलिसांना एक कागद तयार करण्यास सांगतो: नोटीस, अटक पंचनामा, कारणांचे टिपण, फिर्यादीची प्रत, जप्तीची यादी, पोच. बेकायदेशीरपणाला मात्र कागदाचे वावडे असते. मौखिक बोलावणे, मौखिक दटावणी, मौखिक सुटका, ही त्याची रीत. फोनही मौखिकच असतो. कार्यकर्त्याच्या फोनने माणूस सुटतो, परंतु त्याला बसवून ठेवले होते याचा पुरावाही त्याच फोनने पुसला जातो.

ज्यांच्यासाठी कोणीच फोन करीत नाही, त्यांचे काय? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांची त्या कायद्यातून मुक्तता ३१ ऑगस्ट १९५२ रोजी झाली. पण कोठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर प्रथम जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करू नये, असे पोलिसांना पुन्हा सांगावे लागले. ज्या गोष्टीची मनाई पुन:पुन्हा करावी लागते, ती चालू असते, एवढे समजण्यास अर्थशास्त्र किंवा विधिशास्त्र शिकावे लागत नाही.

हा प्रश्न किती जवळचा आहे, हे पाहावयाचे असेल तर वाशीमपलीकडे हिंगोली आणि हिंगोलीपलीकडे परभणीपर्यंतच जावे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन उसळले. त्यात अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले आणि त्या न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. शिक्षेची गोष्ट दूरच. गुन्हा नुसता नोंदविला जावा, एवढ्यासाठी सात महिने! नागपुरात जून १९९३ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत एक माणूस मेला. त्या पोलिसांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम करून वाढविली, ती सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आणि १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात जबाबासाठी आणलेल्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात तर १९७८ मध्ये पोलीस निर्दोष सुटले. त्यावर देशभर उसळलेल्या स्त्रियांच्या संतापातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. स्त्री साक्षीदाराला ठाण्यात बोलावू नये, हा नियम किती मोलाचा आहे, हे विदर्भाला तरी निराळे सांगावयास नको.

यावर काही कार्यकर्ते दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप असा की, पोलीस शिपाईही कष्टकऱ्याचाच मुलगा आहे. त्याच्याविरुद्ध कायद्याची कलमे घेऊन उभे राहणे कष्टकऱ्यांच्या पक्षाला शोभत नाही. शिपायाचे हाल खरे आहेत. त्याच्या कामाला वेळेचे बंधन नाही आणि १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटनेच्या हक्कावर निर्बंध घातले आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष उफाळला, तेव्हा सरकारने त्यांची संघटना मोडून काढली. परंतु याच कारणासाठी शिपायालाही कागद हवा आहे. ‘त्याला उचलून आण’ हा हुकूम वरून तोंडी येतो आणि प्रकरण अंगाशी आले की तोंडी हुकूम देणारा नामानिराळा राहून शिपाई निलंबित होतो. प्रत्येक बोलावण्याची नोटीस निघू लागली, तर तिच्यावर हुकूम देणाऱ्याची सही येईल. नागरिकाचा हक्क आणि शिपायाचे संरक्षण येथे परस्परविरोधी नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘ठाण्यात कलम सांगणाऱ्याला दोन तडाखे अधिक बसतात,’ असे अनुभवी माणसे म्हणतात. एकट्या माणसाच्या बाबतीत हे खरे असेलही, आणि म्हणूनच त्याला एकटे सोडता कामा नये. एकट्या शेतकऱ्यालाही मापाऱ्याशी वाद घालता आला नव्हता. पक्ष म्हणजे काय, याचे उत्तर येथेच द्यावयाचे आहे. बसवून ठेवलेल्या माणसाचा भाऊ दारी आला, की कार्यकर्त्याने फोन बाजूला ठेवावा आणि आणखी दोघांना घेऊन ठाण्यात जावे. तेथे आवाज न चढविता तीन प्रश्न विचारावेत: त्याला कोणत्या नोटिशीने बोलाविले आहे? अटक केली असल्यास तिची कारणे लेखी दिली काय? घरच्यांना खबर दिल्याची नोंद कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास जागच्या जागी वेळ घालून अर्ज लिहावा, त्याची पोच मागावी. पोच नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी वाशीमला पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावा आणि टपालाची पावती जपून ठेवावी. अटक झाली असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. कोठडीतील व्यक्तीला, स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण निदान एक वर्ष आणि शक्यतो अठरा महिने जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. मारहाणीची शंका असेल तर ते चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्या पहिल्या अर्जातच करावी. सहा महिन्यांनी ती करून उपयोग नाही.

या मार्गाने माणूस फोनपेक्षा काही तास उशिरा घरी येईल. त्याच्या भावाला तो उशीर जाचेल, आणि त्याची समजूत घालणे कार्यकर्त्याला जड जाईल. ‘तुमचे वजन कमी झाले वाटते,’ असेही आळीत कोणी म्हणेल. ते सोसले पाहिजे. पुढच्या वेळी ठाण्यातून पारध्याच्या पालावर माणूस पाठविताना नोटीस लिहावी लागेल काय, हा विचार एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आला, तर त्या काही तासांची भरपाई झाली असे समजावे.

कारंज्यापासून याचा आरंभ करण्यास हरकत नाही. पक्षाच्या शाखेने प्रत्येक प्रभागातून दोन कार्यकर्ते निवडावेत, एक वही घालावी आणि ठाण्यात गेलेल्या प्रत्येक माणसाची वेळ, तारीख व मिळालेला किंवा नाकारलेला कागद तीत लिहावा. वर्षअखेर ती वही तालुक्याच्या सभेत वाचून दाखवावी. हक्कांचे फलक पुष्कळ लागले आहेत. त्या फलकावरचे काय प्रत्यक्षात मिळते, याचा हिशेब अद्याप कोणी ठेवलेला नाही. कापूस उत्पादकाला आपल्या मालाची पट्टी मागण्याची सवय ज्या गावाने इतक्या पूर्वी लावली, त्या गावाला हा हिशेब ठेवणे अवघड जाऊ नये.